अकराच्या आत सावलीत: गोव्याच्या घाटात उन्हाळी पायपीट

गोव्याच्या डोंगरांचा उंचीच्या बाबतीत फारसा दरारा नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांच्या पूर्वेला सह्याद्रीची धार उभी आहे आणि तिचे उंचातले उंच माथे हजार मीटरच्या आसपासचे. एवढ्यावरून मार्च ते मे या दिवसांतली चढण सोपी धरणारे फसतात. एक तर इथला पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीला असतो, त्यामुळे नकाशावरची उंची बहुतेक सगळी पायांनाच फेडावी लागते. दुसरं म्हणजे हवा. पारा ३३-३४ अंशांवर असतो, विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणणारही नाही. पण हवेत दमटपणा इतका की घाम सुकत नाही, नुसता ठिबकतो. घाम सुकताना अंगातली उष्णता घेऊन जातो. ठिबकणारा घाम काहीच नेत नाही, फक्त पाणी आणि मीठ वाया घालवतो. म्हणून इथे माणूस तापमानाच्या आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा खूप लवकर कोलमडतो.

म्हणून इथल्या उन्हाळी भटकंतीचा बेत किलोमीटरवर आखू नये, घड्याळावर आखावा. सकाळी ११ वाजता तुम्ही सावलीत असायला हवं: गाडीपाशी, वाडीत, नाहीतर सदाहरित रानातल्या व्हाळाकाठी (ओढ्याकाठी). बाकी सगळं या एका वेळेपासून उलटं मोजत यायचं.

वेळेचं गणित

थंडीत जी माणसं ताशी ४-५ किलोमीटर चालतात, तीच एप्रिलमध्ये पाठीवर ८-१० किलोची सॅक घेऊन ताशी ३ किलोमीटर चालली तरी खूप झालं. चढ वेगळा मोजा: दर ३०० मीटर चढाईला एक तास जादा. उतरायला चढण्याच्या वेळेच्या दोन तृतीयांश वेळ लागतो असं धरा. उतारावर याहून जास्त भरवसा ठेवू नका, कारण पानगळीच्या रानात वाळलेल्या पानांचा थर आणि जांभ्याची गोल खडी, दोन्हीवर पाय घसरतो.

उदाहरण घेऊ. एका बाजूचं अंतर ४ किलोमीटर, चढाई ४५० मीटर. अंतराचे १ तास २० मिनिटं, चढाईचा दीड तास, म्हणजे जायला २ तास ५० मिनिटं. परतायला साधारण १ तास ५५ मिनिटं. वर अर्धा तास विसावा. एकूण सव्वापाच तास. अकराला खाली पोचायचं तर पावणेसहाला पाऊल उचलायला हवं. एप्रिलमध्ये गोव्यात सूर्य सव्वासहा-साडेसहाच्या सुमाराला उगवतो, म्हणजे पहिला अर्धा तास डोक्यावरच्या विजेरीवर काढावा लागेल. हे जमणार नसेल, किंवा अभयारण्याचं फाटक त्या वेळी उघडत नसेल, तर ती वाट या महिन्यासाठी नाही असं समजा आणि निम्मी वाट निवडा. ‘थोडं उशिरा निघू, पण भरभर चालू’ हा उपाय नव्हे. भरभर चालण्यानेच अंग जास्त तापतं.

गटाचा वेग म्हणजे सर्वांत मागच्या माणसाचा वेग. त्याच्यासाठी मधेच थांबणारे पुढचे लोक स्वतः विश्रांती घेतात आणि तो पोचला की लगेच उठतात. त्याला विसावाच मिळत नाही, आणि आजारी पडतो तोच. तो पोचल्यावर पाच मिनिटं मोजायला सुरुवात करा.

उलट्या वाटा

चोर्ला घाटाकडच्या वाटांचा एक खास सापळा आहे. सुर्ला गाव ८०० मीटरच्या आसपास, गाडीने थेट वर जाता येतं. हजार मीटरमागे हवा सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, त्या हिशेबाने खालच्या वाळपईपेक्षा इथे चार-पाच अंश कमी. सकाळी वारा लागतो, मंडळी खुशीत दरीकडे किंवा धबधब्याच्या पायथ्याकडे उतरू लागतात. उतार सोपा, थंडावा, पाणी. आणि मग सगळी चढण परतीच्या वाटेवर, दहा-साडेदहाच्या उन्हात, निम्मं पाणी संपल्यावर.

अशा वाटेवर मागे फिरायची वेळ निम्म्यावर ठेवून चालत नाही. हाताशी एकूण ४ तास असतील तर उतरण्यात सव्वा ते दीड तासापेक्षा जास्त घालवू नका. पाण्याचाही तोच हिशेब: उतरताना एक तृतीयांश, चढताना दोन तृतीयांश.

वाट कुठून जाते हे बघा

पश्चिमेकडच्या उतारावरचं बरंचसं रान पानझडी आहे. पावसाळ्यातल्या फोटोंत जिथे हिरवा बोगदा दिसतो, तिथे मार्च-एप्रिलमध्ये नुसत्या काड्या उभ्या असतात. सावली मिळते ती घाटाच्या वरच्या अंगाला, व्हाळांच्या काठाने आणि कोटीगाव, नेत्रावळीच्या आतल्या दाट पट्ट्यांत. देवराया तर खऱ्या सावल्या. मात्र तिथे चपला काढायच्या की आतच जायचं नाही, हे त्या त्या गावाचे नियम असतात. विचारून पाऊल टाका.

सर्वांत वाईट म्हणजे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार. गवत वाळलेलं किंवा जळलेलं, झाड नाही, आणि काळा-तांबडा दगड सकाळी नऊपासून खालूनही भाजतो. वाटेत अर्धा किलोमीटरपेक्षा लांब सडा असेल तर तो आठच्या आत ओलांडायचा.

नकाशा घरीच फोनमध्ये उतरवून घ्या. घाटात रेंज जाते, आणि सीमेलगत फोन सारखा कर्नाटकातला टॉवर शोधत राहून बॅटरी संपवतो. तो विमान अवस्थेत ठेवा, जीपीएस त्यातही चालतं. ॲपवर दिसणाऱ्या सगळ्याच रेघा वाटा नसतात. काही ढोरवाटा, काही लाकूडफाट्याच्या, काही काजूच्या बागायतीत जाऊन संपणाऱ्या. उन्हाळ्यात या बागायती वाटा ताज्या आणि रुंद दिसतात, कारण काजू गोळा करायला रोज माणसं जातात. खरी घाटवाट मात्र पानांखाली बुजलेली असते. रुंद वाट अचानक काजूच्या झाडांत फुटली तर मागच्या फाट्यावर परत या.

वाडीत विचारायचं असेल तर ‘हीच वाट ना?’ असं विचारू नका. पाहुण्याचं मन मोडायचं नाही म्हणून ‘हय’ असंच उत्तर येईल. ‘ही वाट कुठे जाते?’ असं विचारा. आणि एकदा ‘आता पाणी कुठवर आहे?’ हेही. डिसेंबरात वाहणारा व्हाळ एप्रिलमध्ये कुठल्या कोंडीपर्यंत (डोहापर्यंत) आटला आहे, हे नकाशा सांगत नाही, गाईगुरांमागे फिरणारा माणूस सांगतो.

परवानगी

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि कोटीगाव ही अभयारण्यं मिळून गोव्याच्या घाटाचा जवळजवळ अख्खा पट्टा व्यापतात. मोलेचं राष्ट्रीय उद्यान भगवान महावीरच्या पोटातच आहे. म्हणजे ‘डोंगरात जाऊ’ म्हटलं की बहुतेक वेळा तुम्ही अभयारण्यात जाताय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार परवान्याशिवाय प्रवेश हा गुन्हा आहे आणि आत आग लावणं हा वेगळा गुन्हा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात मोठे वणवे लागले होते. या दिवसांत वन खातं कडक असेल असं धरूनच चाला.

परवानगी वन खात्याच्या वन्यजीव विभागाकडून आधी घ्या. अर्जात वाट, तारीख, माणसांची संख्या आणि फाटकाची वेळ स्पष्ट लिहा. धबधब्याच्या पाण्यात उतरायला सध्या मनाई आहे का, हे त्याच वेळी विचारा. सत्तरीच्या बाजूने धार ओलांडून पलीकडे उतरायचं असेल तर तिथे बेळगाव जिल्ह्यातलं भीमगड अभयारण्य लागतं आणि त्याची परवानगी कर्नाटकाच्या वन खात्याची. गोव्याचा कागद तिथे चालत नाही.

दूधसागर धबधब्याचं वेगळं सांगायला हवं. रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्याखाली गुन्हा आहे, आणि बोगद्यात गाडी आली तर भिंतीला चिकटून उभं राहायलाही जागा नीट मिळत नाही. वन खात्याने मोकळी ठेवलेली वाट किंवा कुळेहून जाणाऱ्या जीपगाड्या, एवढेच मार्ग.

पाणी, मीठ, पेज

चालत असताना तासाला अर्धा ते पाऊण लिटर. वरच्या सव्वापाच तासांच्या उदाहरणात अडीच ते साडेतीन लिटर, अधिक एक लिटर हात न लावायचं. म्हणजे माणशी साडेचार लिटरपर्यंत, साडेचार किलो. यात ‘वर झरा आहे’ म्हणून काटछाट करायची असेल तर तो झरा त्याच आठवड्यात कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेला असावा. निघण्याआधी घरीच अर्धा लिटर पोटात असू द्या.

तहान लागली की ढसाढसा पिणं आणि मग तासभर काहीच नाही, असं करू नका. दर १५-२० मिनिटांनी चार-पाच घोट. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक. गडद झाला किंवा चार तासांत लघवीच झाली नाही तर तुम्ही पाणी पिण्यात मागे पडला आहात.

नुसतं पाणी पीत राहिलात तर दुसरीच भानगड होते: रक्तातलं मीठ पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस गोंधळतो आणि सोबतचे त्याला आणखी पाणी पाजतात. म्हणून दर तिसरा लिटर मिठाचा. ओआरएसचं पाकीट किती पाण्यासाठी आहे ते त्यावर लिहिलेलं असतं. एक लिटरचं पाकीट अर्ध्या बाटलीत कोंबू नका, घट्ट द्रावणाने उलटी होते. टेट्रा पॅकमधली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून.

याहून चवदार म्हणजे आपल्याकडचंच. सोलांचं (कोकमाचं) आगळ, साखर आणि मीठ घालून केलेलं सरबत एका बाटलीत घ्या. दहानंतर कोरडं काही घशाखाली उतरत नाही तेव्हा ते उतरतं. पहाटे निघताना उकड्या तांदळाची पेज आणि मिठातलं तोर (कोवळी कैरी): पाणी, मीठ, पिठूळ अन्न, सगळं एकाच वाटीत. बिस्किटांचे पुडे कितीही नेले तरी ही जागा भरून निघत नाही. वाटेसाठी चणे-गूळ, शेंगदाण्याचे लाडू, केळी. नारळ घातलेले पदार्थ आणि अंडी सॅकमध्ये दुपारपर्यंत आंबतात, ती घरीच खाऊन टाका.

व्हाळाचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी वर गवे बसलेले असतात. कापडातून गाळून एक मिनिट खळखळून उकळा, किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी नीट काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून काढलेल्या दारूचा, हंगाम नेमका याच दिवसांत येतो. आदल्या रात्री घेतलेला हुर्राक सकाळी अंगातलं पाणी कमी करूनच उठतो. उतरल्यावर घ्या, संध्याकाळी.

गोचीड आणि माकडताप

कपड्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही, एक सोडून: अर्धी चड्डी नको. कारण ऊन नव्हे, गोचीड.

कॅसनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजे माकडताप, सत्तरीत २०१५ साली पाळी गावात मोठ्या प्रमाणावर आढळला आणि तेव्हापासून सत्तरीतल्या काजू बागायतदारांना तो चांगलाच माहीत आहे. विषाणू गोचिडीतून येतो. तिची सर्वांत त्रासदायक अवस्था कोरड्या महिन्यांत, डिसेंबर-जानेवारीपासून मेपर्यंत, पालापाचोळ्यात असते. ती तिळाएवढी, कधी त्याहून बारीक. चावलेली कळतही नाही.

फिक्या रंगाची पूर्ण पँट, तिचे पाय मोज्यांत खोचलेले, शर्ट पँटीत. बूट, मोजे, पँटीचा खालचा भाग आणि मनगटांवर कीटकरोधक औषध, आणि दर तीन-चार तासांनी पुन्हा, कारण घामाने ते वाहून जातं. पाचोळ्यावर बसायचं नाही, सॅकही टाकायची नाही. कातळ शोधा, नाहीतर प्लॅस्टिकचा तुकडा अंथरा. दर थांब्यावर एकमेकांच्या पायांवर आणि मानेवर नजर टाका. काखा, जांघा, कमरपट्ट्याखालचा भाग आणि कानांमागे घरी पोचल्यावर आंघोळीच्या वेळी.

चिकटलेली गोचीड बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ पकडून सरळ, सावकाश ओढा. पिळू नका, चिरडू नका. रॉकेल, चुना, पेटती काडी यांतलं काहीही करू नका. ती घाबरून पोटातलं सगळं जखमेत ओकते. नंतर साबण-पाण्याने धुवा.

रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. त्याच्या अंगावरच्या गोचिडी नवं घर शोधत आजूबाजूला पसरलेल्या असतात. जागा लक्षात ठेवून जवळच्या आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवा.

आग्या मोहोळ, साप, गवा

साप उन्हाळ्यात दगडांच्या फटीत आणि पाण्याजवळ सावलीला असतो. फुरसं जांभ्याच्या रंगात मिसळून जातं. हात टेकण्याआधी बघा, ओंडका ओलांडताना आधी त्यावर उभे राहा, मग पलीकडे उतरा. दंश झाला तर बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या, कडी, घड्याळ काढा, अवयव काठीच्या आधाराने स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचला. वाळपई, कुडचडे, काणकोण यांपैकी कुठलं रुग्णालय जवळ आहे आणि तिथे प्रतिविष आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून ठेवायची गोष्ट आहे. शेवटचा आधार बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय). रुग्णवाहिका १०८, पण ती डांबरी रस्त्यापर्यंतच येते. तिथपर्यंत आणणं तुमचं काम.

गवा समोर आला तर थांबा, बाजूला सरका, वाट त्याला द्या. एकटा नर आणि वासराची आई यांच्यापासून शंभर पावलं लांब.

खरी भीती धरावी ती आग्या मोहोळाची. धबधब्यांच्या कड्यांवर आणि मोठ्या झाडांच्या फांद्यांखाली त्यांची पोळी लटकतात. अत्तर, धूर, आरडाओरडा, ड्रोन, वरून सुटलेला दगड, यांतलं काहीही पुरतं. माश्या उठल्या तर तोंड-नाक कपड्याने झाका आणि दाट झुडपांतून लांब पळा. हात झटकू नका, मारू नका. चिरडलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या येतात. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घोंगावत थांबतात आणि तुम्ही श्वासासाठी डोकं काढताच डसतात. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर नांग्या शक्य तितक्या लवकर काढा, नखाने किंवा चिमट्याने, पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची. श्वास लागला, ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या तर थेट रुग्णालय.

दोर लावायचा असेल तर

उन्हाळ्यात कातळ कोरडा असतो हा एवढाच फायदा. नऊ-साडेनऊनंतर पूर्वेकडचा आणि दक्षिणेकडचा कडा हाताला चटके देतो आणि घामट बोटं सुटतात. सूर्य उलट्या बाजूला असताना सावलीतला कडा घ्या.

पहिला प्रश्न दगडाचा. जांभ्यावर चढाई करू नका, त्याला अँकरही (दोर बांधायचा आधार) लावू नका. वरून टणक, आतून सच्छिद्र आणि मऊ, सड्याची कड तर खालून पोखरलेली असते. उत्तर-पूर्वेला सत्तरीच्या घाटात दख्खनचा काळा पाषाण सापडतो, काणकोणच्या बाजूला ग्रॅनाइट. तेही ठोकून बघा: खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ आला तर सोडा. चढाईआधी दुर्बिणीने अख्खा कडा मोहोळासाठी तपासा. दोरावर लटकलेल्या माणसाला पळता येत नाही.

रॅपलिंगसाठी, म्हणजे दोरावरून उतरण्यासाठी, दोन स्वतंत्र अँकर. झाड जिवंत, मुळं मातीत खोल गेलेली, बुंधा निदान मांडीएवढा जाड. कड्यावरचं कातळाच्या फटीत उगवलेलं झाड कितीही ऐटदार दिसलं तरी नको. दोन स्लिंगांमधला (अँकरना बांधलेल्या पट्ट्यांमधला) कोन ६० अंशांच्या आत. कोन वाढला की प्रत्येक अँकरवरचा ताण वाढतो: १२० अंशांवर दोन्ही अँकरांवर प्रत्येकी पूर्ण भार येतो, म्हणजे दोन लावल्याचा फायदा संपला. कडेवर दोर घासतो तिथे जाड गोणपाट किंवा जुना पाण्याचा पाइप. दोराच्या दोन्ही टोकांना गाठी, आणि उतरण्याच्या साधनाखाली ६ मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ, जी हात सुटला तरी धरेल. सावकाश उतरा. उन्हात आधीच तापलेलं साधन घर्षणाने आणखी तापतं, आणि खाली पोचून ते तसंच दोरावर ठेवलं तर नायलॉन वितळून कडक चट्टा पडतो.

शिरस्त्राण खालच्या माणसालाही. दगड आपल्याच गटातल्या माणसाने पाडला पाहिजे असं नाही, वानरंही पाडतात. आणि दोर जीपच्या मागच्या भागात बॅटरीशेजारी कधीच टाकू नका. आम्लाचा डाग दिसत नाही, दोर मात्र आतून तुटतो. शिकायचं असेल तर प्रशिक्षित माणसाबरोबर आणि परवानगी असलेल्या कड्यावर. हा परिच्छेद शिक्षणाच्या जागी चालणार नाही.

मुक्कामाची वाट

दोन दिवसांची भटकंती उन्हाळ्यात खरं तर सोपी पडते, कारण दुपार टाळता येते. पहिल्या दिवशी साडेतीन-चारला निघून साडेसहाच्या आत मुक्कामी, दुसऱ्या दिवशी पहाटे माथा आणि अकराला खाली. सॅकचं वजन आपल्या वजनाच्या एक पंचमांशाच्या आत ठेवा. झोपायची पिशवी घरीच राहू द्या. चटई, एक चादर, मच्छरदाणी आणि ताडपत्री पुरते. तंबू नेलाच तर जाळीचा आतला भागच लावा, वरचं आवरण मध्यरात्री गडगडलं तर.

अभयारण्यात मुक्काम फक्त खात्याने ठरवून दिलेल्या जागी. बाहेर, खासगी जमिनीत, मालकाला विचारून. जागा निवडताना डोक्यावर वाळकी फांदी किंवा नारळ-फणस नको, जनावरांची पाण्याकडची वाट नको, आणि व्हाळाचं कोरडं पात्र तर अजिबात नको. चूल नाही. गवत इतकं वाळलेलं असतं की विझवलेल्या राखेतली ठिणगी वाऱ्याला पुरते. पोहे भिजवून, पाव, केळी, सरबत यांवर एक रात्र निघते.

मे महिन्यात हिमालयात जाणारे अनेक जण सराव म्हणून वजन घेऊन हे घाट चढतात. पाय आणि खांदे यांना ते उपयोगी आहे, विरळ हवेला नाही. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. हा नियम इथे कितीही चढलात तरी लागू राहतोच.

वळीव

पावसाळा गोव्यात साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात पोचतो, पण मेच्या मध्यापासून दुपारनंतर घाटमाथ्यावर काळे ढग चढतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. सडा, माथा, धार आणि एकटं झाड सोडा, सखल भागातल्या सारख्या उंचीच्या झाडीत उतरा, एकमेकांपासून लांब राहा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वर, कर्नाटकाच्या बाजूला पडलेला पाऊस व्हाळातून येऊ शकतो. पाणी अचानक गढूळलं, पानं-काड्या वाहून येऊ लागल्या, किंवा वरून घरघर ऐकू आली तर सामान सोडून आधी काठ चढा. धबधब्याखालच्या कोंडी मेमध्ये उथळ दिसतात. तळाशी कातळ पोखरलेला असतो आणि काठ शेवाळलेला, पोहता येणारेही तिथेच बुडतात.

कोणी कोलमडलं तर

डोकं दुखणं, चक्कर, गोळे येणं, अंग घामाने थबथबलेलं, पण माणूस नीट बोलतोय: सावलीत आडवं करा, पाय उंच, सॅक-बूट काढा, मीठ-साखरेचं पाणी घोटाघोटाने. अर्ध्या तासात सुधारला तरी वर जायचं नाही, खालीच.

असंबद्ध बोलणं, भांडायला उठणं, लडखडणं किंवा शुद्ध हरपणं म्हणजे उष्माघात. अंग कोरडं असेलच असं नाही, इथल्या हवेत घामानेही निथळत असतो, म्हणून घाम बघून निवांत होऊ नका. जवळ कोंड असेल तर डोकं धरून मानेपर्यंत पाण्यात ठेवा, नसेल तर होतं नव्हतं ते पाणी अंगावर ओता आणि चादरीने वारा घाला. आधी थंड करायचं, मग हलवायचं. तोंडात पाणी ओतू नका, तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नाही. त्याच वेळी दोघांना, एकट्याला नव्हे, रेंज मिळेपर्यंत पाठवा.

परतल्यावर

निघताना ज्याला वाट आणि परतीची वेळ सांगून ठेवली होती, त्याला आधी फोन. कपडे दारातच काढून गरम पाण्यात टाका, सॅक उन्हात झटका, आंघोळीच्या वेळी अंग नीट तपासा. दोर भिजला असेल तर सावलीत पसरून वाळवा.

आणि रानात गेल्याची तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवा. पुढच्या दोन आठवड्यांत अचानक थंडी वाजून ताप, कपाळात सणसणून डोकेदुखी किंवा अंगदुखी सुरू झाली तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणून घरी झोपू नका. डॉक्टरांना आधी रानाचं नाव सांगा, मग गोचिडीचं, मग तापाचं.